मेजरची जीप

मेजर कधीच मेजर नव्हते. लढाईच्या काळात ते ब्रह्मदेशच्या आघाडीवर गाडी चालवत होते, आणि सुटून घरी आले तेव्हा त्यांच्या बाहीवर एक साधी फीतही नव्हती. पण आमच्या भागात खाकी कपडे घालून ताठ चालणारा माणूस म्हणजे मेजरच. ते प्रत्येकाला दुरुस्त करायचे. "मेजर नाही बाप्पा, डायवर." समोरचा मान डोलवायचा आणि म्हणायचा, "बरं, मेजर."

मी त्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पुसदकडून येणारी सडक जिथं संपायची तिथं आमचा दवाखाना होता. त्याच्यापुढे फुलसावंगीच्या अंगाला नुसती काळी जमीन, बैलगाडीच्या पांदणी, पळसाचं रान आणि त्यात विखुरलेली खेडी, बंजाऱ्यांचे तांडे, कोलामांचे पोड. दवाखान्यात एक डॉक्टर, एक कंपाउंडर, ड्रायव्हर म्हणून मेजर, मी आणि लढाईतून उरलेली एक जीप. तिला दारं नव्हती. स्टेअरिंग डाव्या हाताला. वर कॅनव्हासचं छप्पर. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळायचा, म्हणून जिथं बैल थांबायचे तिथून पुढं ती जायची. रस्ता नसलेल्या गावातून रोगी उचलून आणायचा तर आमच्याकडे तेवढंच एक साधन होतं.

पहिल्याच दिवशी मेजरनी मला विचारलं, "बाई, तुमचं वजन किती?"

मी बावीस वर्षांची होते. नागपूरहून नर्सिंगचं शिकून आलेली, पांढरी साडी, नवी चप्पल. मला तो प्रश्न इतका लागला की मी तशीच आत निघून गेले. संध्याकाळी कंपाउंडरनं समजावलं की मेजर सगळ्यांनाच विचारतात. कलेक्टर आले तर कलेक्टरांनाही विचारतील. गाडीत कोण कुठं बसणार हे वजनावरून ठरायचं. डॉक्टर जाडजूड होते, ते उजवीकडे पुढे. औषधांची पेटी मेजरच्या मागे. मला त्यांनी अंदाजानं पेटीशेजारी बसवलं, आणि दोन मैल गेल्यावर गाडी थांबवून जरा मधोमध सरकायला सांगितलं. चिखलात गाडी एका अंगाला कलली तर किती वजनानं सावरेल, हा हिशेब त्यांच्या डोक्यात सतत चालू असायचा.

त्यांचं दुसरं वेड मातीचं. पांदणीच्या तोंडाशी आलं की ते उतरायचे, चार पावलं चालायचे, वाकून मूठभर काळी माती घ्यायचे आणि दाबायचे. मूठ उघडून बघायचे. मग कधी म्हणायचे, "चला." कधी म्हणायचे, "दोन घंटे." दोन घंटे म्हणजे दोन तास उन्हात बसून राहायचं. डॉक्टर चिडायचे. पण मेजरची मूठ चुकलेली मी पाहिली नाही. एकदा एक सरकारी पाहुणे दुसऱ्या गाडीनं आले होते. ते न थांबता आमच्या पुढं निघून गेले. पाऊण तासानं आम्ही त्यांना चिखलातून दोरानं ओढून काढलं. मेजरनी दोर धुऊन, पिळून, वाळत घातला.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कोणी म्हणालं की अमक्या गावाला आम्ही भर पावसात पोचलो, तर ते म्हणायचे, "जाते तं कोणीबी. रोग्याले घेऊन वापस येणं, ते सांगा."

कोलामांच्या पोडावर जाताना ते दोन फर्लांग आधीच इंजिन बंद करायचे. गाडीचा आवाज आला की टोचणारे आले समजून माणसं रानात पळायची. मेजर मोहाच्या झाडाखाली बसायचे आणि बिडी ओढायचे. मीही बसायचे. अर्ध्या तासानं एखादी म्हातारी आडून बघायची, मग एखादा माणूस यायचा, मेजर त्याला बिडी द्यायचे आणि पाऊसपाण्याचं बोलायचे. दवाखान्याचा विषयच नाही. शेवटी तो माणूस आपणहून म्हणायचा की घरी पोराला ताप आहे. मग मेजर माझ्याकडे बघायचे.

एक गोष्ट सांगायला हवी. छप्पन साली आमच्या घरानं बुद्धाचा धम्म घेतला. मी त्या घरची. गावोगाव लोकांना हे विचारून माहीत व्हायचंच. एका मोठ्या घरी बाळंतिणीला बघायला गेलो होतो. काम झाल्यावर डॉक्टरांना पितळी गडव्यातून पाणी आलं, मेजरनाही आलं, आणि मला ओंजळ करायला सांगून वरून ओतायला एक बाई पुढं झाली. मी हात पुढं केलेच होते. मेजर म्हणाले, "राहू द्या. गाडीतलं पाणी आहे आमच्याजवळ." त्यांनी आपला गडवा तसाच खाली ठेवला, बाहेर गेले, रेडिएटरसाठी भरून ठेवलेला डबा आणला, झाकणात पाणी ओतून आधी मला दिलं आणि मग स्वतः प्यायले. पाण्याला पत्र्याचा वास होता. त्यानंतर ते तिथं होते तोवर, एक दिवस सोडला तर, मेजर कुठल्याही घरी पाणी प्यायले नाहीत. घर माझ्या लोकांचं असलं तरी नाही. "आम्ही गाडीतलंच पेतो," असं सगळ्यांना सारखं सांगायचे. लोकांना वाटायचं, लष्करी तऱ्हा असेल.

पंचायत समित्या नव्यानं आल्या तेव्हा आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याला दवाखान्याची जीप घरच्या लग्नाला हवी झाली. वरात जीपमधून काढायची होती. डॉक्टरांना नाही म्हणवेना. माणूस जीप न्यायला आला तेव्हा मेजर बोनेट उघडून उभे होते. गाडी आजारी आहे म्हणाले. त्या माणसानं गावातला एक मिस्त्री आणला. त्यानं तासभर खटपट केली, गाडी गुरगुरलीसुद्धा नाही. वरात बैलगाडीवरून निघाली. दुसऱ्या दिवशी आम्ही नेहमीसारखे पोडावर निघालो, तेव्हा मेजरनी शर्टाच्या खिशातून इंजिनाचा सुपारीएवढा एक भाग काढला, जागेवर बसवला आणि गाडी सुरू केली. लढाईत गाडी सोडून जाताना असंच करायचे म्हणे, शत्रूच्या हाती लागू नये म्हणून. डॉक्टर हसले. पण पुढारी काही हसणारा नव्हता.

आणि ताडपत्री. तिच्यामुळे तर सगळा गाव मेजरना अर्धवट समजायचा. दिग्रसच्या एका जिनिंगमधून त्यांनी कापसाच्या गाठी झाकायची भलीमोठी जुनी ताडपत्री मागून आणली होती. दर उन्हाळ्यात ती दवाखान्याच्या अंगणात पसरून ते जवसाचं तेल चोळायचे. आठ दिवस सगळ्या आवाराला तेलाचा वास. ठिगळं लावायचे, शिवणींवर मेण घासायचे. मी येण्याच्या आधी एकदा त्यांनी त्या ताडपत्रीत जीप गुंडाळून गावतळ्यात ढकलली होती, तरते का बघायला. सारा गाव काठावर जमला होता. जीप थोडी तरली, मग कलली आणि चाकांपर्यंत चिखलात बसली. इंजिन वाळायला दोन दिवस लागले. वजन नीट वाटलं गेलं नाही, एवढंच मेजरनी कंपाउंडरला सांगितलं. माणसांना वजन विचारायला त्यांनी तेव्हापासून सुरुवात केली.

हे सगळं कशापायी, याची गावात एक गोष्ट होती. मेजर लढाईत असताना त्यांची बायको बाळंतपणात गेली, पुरामुळे तिला दवाखान्यात नेता आलं नाही, म्हणून मेजरना हे वेड लागलं. मलाही ती गोष्ट खरी वाटायची. एकदा धीर करून मी विचारलं. मेजर चकित झाले. "कोण मेली? चांगली धडधाकट आहे ते, दिग्रसले. मागच्या ऐतवारीच भांडून आलो."

मग श्रावणातला तो दिवस.

सकाळी आठच्या सुमारास एक माणूस ओलाचिंब होऊन दवाखान्यात आला. नाल्यापलीकडच्या तांड्यावरचा. पूर पोहून आला होता. त्याच्या भावजयीला दोन दिवसांपासून कळा येत होत्या. लेकराचा हात बाहेर आला होता, बाकी काही नाही.

मला कळलं. मूल पोटात आडवं होतं. माझ्या हातून ते होणारं नव्हतं. पुसदच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन हाच उपाय होता. डॉक्टर मीटिंगसाठी यवतमाळला गेलेले. मी पेटी भरली. मेजर माझ्या आधीच गाडीत बसले होते, ताडपत्री मागे टाकून.

नाल्यावर पोचलो तर पाणी दोन पुरुष खोल, गढूळ, मोठमोठ्या फांद्या वाहून आणणारं. पलीकडच्या काठावर तांड्यावरची दहाबारा माणसं उभी होती. तांडा तिथून आणखी तीन मैल आत. बाईला बाजेवर घालून तीन मैल चिखलातून आणायचं आणि वर पुरातून ओढायचं, तर ती वाटेतच जाणार हे मला दिसत होतं. मेजरनी पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला. त्याच्याजवळ उकिडवे बसले आणि बिडी पेटवली.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. मी म्हटलं, वेळ नाही. ते "हो" म्हणाले आणि बसून राहिले. मी येरझारा घालत होते. त्या बाईचा चेहरा मी पाहिलेला नव्हता, पण तिचं काय चाललं असेल ते मला चांगलं ठाऊक होतं. शेवटी माझा तोल गेला. त्या माणसासमोर, काठावर जमलेल्या शेतकऱ्यांसमोर मी म्हणाले, "मेजर, तुम्ही भिता."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. राग नव्हता.

"भेतो ना बाई. तुमीबी भ्या जराशा."

दीड तासानं तो दगड आणि पाणी यांच्यामध्ये हातभर ओला चिखल उघडा पडला. मेजर उठले. मग मात्र त्यांचे हात असे चालले की बघत राहावं. काठावर ताडपत्री पसरली. जीप तिच्या मधोमध आणली. चारही बाजू वर उचलून, घड्या घालून, दोरानं आवळून गाठोडं बांधावं तशी गाडी बांधली. निरोप घेऊन आलेला माणूस दोराचं टोक कमरेला बांधून पुन्हा पलीकडे पोहून गेला. पलीकडच्यांनी ओढायचं, अलीकडच्या शेतकऱ्यांनी दुसरा दोर धरून सैल सोडत जायचं. मेजर मला म्हणाले, "उठाचं नाही. पाणी आत दिसलं तरी उठाचं नाही."

गाठोडं पाण्यात उतरलं आणि खालची जमीन गेली. ते मला आजही पायांत जाणवतं. इंजिन बंद, कुठलाच आवाज नाही, फक्त पाणी ताडपत्रीला घासत चाललेलं. नाल्याच्या मध्यावर माझ्या पायाशी एका घडीतून पाण्याची धार लागली. मी पेटीतला कापूस काढून गोळा केला आणि टाचेनं दाबून धरला. मेजरनी पाहिलं. म्हणाले, "आपल्या भागात कापसाची कमी नाही."

पलीकडे लागलो. गाठी सोडल्या, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. तांड्यावरच्या माणसांनी गाडीभोवती ओरडून आनंद केला नाही. ती नुसती चाकांकडे बघत होती.

बाई वीसेक वर्षांची असेल. जिवंत होती. मी तिच्या पोटावर हात ठेवला, नळी लावून ऐकलं. मुलाचे ठोके नव्हते. ते मी कोणालाच सांगितलं नाही. तिला मागची जागा मोकळी करून आडवं झोपवलं. तिच्या सासूनं गाडीची दांडी दोन्ही हातांनी धरली, मीही येते म्हणाली. मेजर उतरले. तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले आणि तिच्याच बोलीत तिला आई म्हणाले.

"याडी, तू बसली का हे गाडी बुडते. तू राह्य."

"वापस आणशील?"

मेजर कोणाला कधी शब्द देत नसत. आज नेतो, उद्या येतो, असलं काही त्यांच्या तोंडून निघत नसे. त्यांनी मागे झोपवलेल्या बाईकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "आणतो."

परतताना वरच्या अंगाला आभाळ काळं झालं होतं आणि पाणी पुन्हा चढत होतं. मध्यावर आलो आणि तांड्याकडचा मागचा दोर हातातून निसटला. जीप गर्रकन फिरली आणि प्रवाहाबरोबर खाली जाऊ लागली. मी त्या बाईवर ओणवी झाले. अलीकडची माणसं दोराबरोबर काठाकाठानं धावत होती, पडत होती, उठत होती. मेजरनी स्टेअरिंगला हातही लावला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेतात. पुढे वाकलेल्या एका करंजाच्या झाडाला जीप टेकली, काठावरच्यांनी दोर खोडाला गुंडाळला, आणि आम्ही थांबलो. नंतर कधीतरी मी विचारलं, तेव्हा कुठली प्रार्थना म्हणत होता. ते म्हणाले, प्रार्थना नाही. दोरावर किती माणसं उरली ते मोजत होतो.

दुपारी पुसदला पोचलो. ऑपरेशन झालं. बाई वाचली. मी बाहेर आले तेव्हा मेजर हापशापाशी गाडी धूत होते. "लेकरू?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. ते पुन्हा गाडी धुवायला लागले. गाडी स्वच्छ झाली तरी धूत राहिले. मग हात न थांबवता, माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं की ब्रह्मदेशात एकदा त्यांना दोन जखमींना आणायला पाठवलं होतं. वेळेवर पोचले. दोघं बोलत होते, पाणी मागत होते. मागं फिरले तर नदी चढलेली. बाकीच्या गाड्या ताडपत्रीत बांधून पार गेल्या. यांच्याजवळ ताडपत्री नव्हती, जागा करायला त्यांनीच सकाळी ती उतरवून ठेवली होती. दोघंही त्याच काठावर गेले.

"पोचलो होतो वो मी," ते म्हणाले. "टायमावर पोचलो होतो."

पंधरा दिवसांनी आम्ही त्या बाईला तांड्यावर सोडलं. तेव्हा नाला गुडघाभर होता. सासूनं मेजरच्या हातावर भाकरी ठेवली. त्या दिवशी त्यांनी ती खाल्ली, आणि वर तिच्या घरचं पाणीही प्यायले. आधी मात्र तांब्या माझ्याकडे दिला.

सरकारी गाडी पुरात घातल्याची तक्रार गेली. कोणी केली ते सांगायला नको. चौकशीला एक अधिकारी आले. त्यांनी मेजरना विचारलं, तुम्ही कोणाच्या परवानगीनं गाडी पाण्यात घातली. मेजर ताठ उभे राहून म्हणाले, "पाण्यात नाही घातली साहेब. पाण्यावरून नेली." अधिकाऱ्यांना हसू आवरलं नाही. डॉक्टरांनी जोर लावून बाजू मांडली, मीही लिहून दिलं. शिक्षा झाली नाही. बदली झाली. यवतमाळला, एका मोठ्या साहेबांची मोटार चालवायला.

ते गेल्यावर आलेला ड्रायव्हर चांगला माणूस होता, पण मृगानंतर पांदणीत गाडी घालायचा नाही, आणि त्याला दोष कसा द्यावा. पावसाळ्यात नाल्यापलीकडचं जग आम्हाला बंद झालं. मला रात्रीची झोप येईना.

पुढच्या वर्षी ज्येष्ठात, पाऊस लागायच्या आधी, एक दिवस दवाखान्याच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली कोणीतरी बिऱ्हाड मांडलेलं दिसलं. दोन भांडी, तीन दगडांची चूल, बांधलेली एक शेळी. जवळ गेले तर तीच तांड्यावरची बाई, आणि तिची सासू. बाईला सातवा महिना होता. मी म्हटलं, अगं, अजून दोन महिने आहेत, इतक्या लवकर काहून आलीस? तिनं चुलीत काडी सारली.

"नाला यायच्या आधी आली मी. आता येऊ दे त्याले."

दोन महिने ती तिथं राहिली. डॉक्टरांनी आधी कुरकुर केली, मग पावसात तिला मागची पडवी मोकळी करून दिली. श्रावणात, नाला दुथडी भरलेला असताना, तिला मुलगी झाली. अगदी सरळ, काही त्रास न होता, माझ्या हातावर. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या तीन बाया पडवीत येऊन राहिल्या.

दसऱ्याच्या सुमारास कामानिमित्त यवतमाळला जाणं झालं, तेव्हा मी मेजरना भेटायला गेले. एका कचेरीच्या पोर्चमध्ये काळ्या, चकचकीत मोटारीजवळ उभे होते. पांढरा गणवेश, पॉलिश केलेले बूट. बुटांवर धुळीचा कणही नव्हता. ते जरा वाळल्यासारखे वाटले. इकडचं तिकडचं काही न विचारता म्हणाले, "नाला कसा आहे औंदा?"

मी त्यांना सगळं सांगितलं. लिंबाचं झाड, शेळी, पडवी, मुलगी, आणि मागाहून आलेल्या तीन बाया. ते मान खाली घालून ऐकत होते, हातातल्या फडक्याची घडी घालत होते, मोडत होते.

"मंग गाडीचं काम पडलं नाही?"

"नाही."

"एकदाबी नाही?"

"एकदाही नाही, मेजर."

या वेळी त्यांनी मला दुरुस्त केलं नाही. ते हसायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. आवाज न करता हसत होते, खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते तसंच वाहू देत होते. तेवढ्यात आतून साहेब आले. मेजरनी घाईघाईनं फडक्यानं तोंड पुसलं आणि मोटारीचं दार उघडून धरलं. साहेब आत बसता बसता थांबले, त्यांच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "काय हो, काय झालं?"

"काही नाही साहेब," मेजर म्हणाले. "घरी पोरगी झाली."